शेत, पंगत आणि पाठशाळा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जरीपटका, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांचा हिशेब मांडण्याची वेळ येते तेव्हा कोणतीही धार्मिक संस्था आपल्या वह्या उघडते. प्रतिष्ठा, चातुर्मास, जीर्णोद्धार, ग्रंथालय, औषधोपचारासाठी साहाय्य, स्वामीवात्सल्याच्या पंगती या सर्वांची त्यांत नोंद असते. एका गोष्टीची नोंद मात्र बहुधा आढळत नाही. या पन्नास वर्षांत पंगतीत जे अन्न वाढले गेले, ते कोणत्या मातीत पिकले, कोणत्या हातांनी पिकवले आणि ते पिकवताना किती जीवांना क्लेश झाला? गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कंदमुळांचा त्याग यांबाबत जैन समाज जेवढा जागरूक आहे, तेवढी जागरूकता स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापलीकडे, शेताच्या बांधापर्यंत पोहोचली आहे काय? सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या प्रश्नाचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

शेती आणि जैन परंपरा यांचे नाते तसे आरंभापासूनचे आहे. प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी मानवसमाजाला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकवली, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात वर्णन आहे. ज्यांचे लांछनच वृषभ आहे, त्या आदिनाथांनी भुकेल्या माणसाच्या हाती नांगर दिला. श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा येते. हा आनंद मोठा गृहपती होता, शेती आणि गोधन बाळगून होता. भगवान महावीरांकडून बारा व्रते घेताना त्याने शेती टाकून दिली नाही, तर तिला मर्यादा घातली. पाचशे नांगरांपलीकडे जमीन बाळगणार नाही, असा नियम त्याने केला. अपरिग्रहाची सुरुवात त्याने शेताच्या मोजमापापासून केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे पंधरा कर्मादानांच्या विवेचनात जमीन फोडण्याच्या व्यवसायांतील हिंसेकडे आचार्यांनी लक्ष वेधले आणि समाजाचा मोठा भाग व्यापाराकडे वळला. त्याची अन्य कारणेही होती. दक्षिण महाराष्ट्रात, सांगली-कोल्हापूर परिसरात, जैन समाज आजही मुख्यत्वे शेतकरी आहे. विदर्भातील शहरांत मात्र तो दुकान, पेढी आणि नोकरी यांत स्थिरावला. त्यामुळे नकळत एक समजूत दृढ झाली की नांगर हातात नाही, म्हणजे नांगराचा दोषही लागत नाही. परंतु शास्त्राने हिंसेचा विचार कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन अंगांनी केला आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि ज्याला मूक संमती दिली ते, या तिन्हींची गणना होते. मग जे धान्य बाजारातून घरी येते, त्यामागच्या फवारणीचा काही अंश ग्राहकाच्या खात्यावर जमा होत नाही, असे कसे म्हणता येईल? शेतापासूनचे अंतर वाढले म्हणून अहिंसा वाढत नाही; फक्त हिंसा दृष्टिआड होते.

या विधानाला विदर्भाच्या भूमीवरील एक दुःखद आधार आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. श्रावण-भाद्रपद हा कपाशीवरील फवारणीचा काळ. तोच पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचाही काळ. शहरात श्रावक चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागत असतात, त्याच दिवसांत नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर पाठीवर पंप घेतलेला मजूर डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या कपाशीत वाऱ्यासोबत उडणारे विष श्वासातून आत घेत असतो. ज्याच्या श्रमाचा कापूस अंगावर आहे, त्याची क्षमा प्रथम मागावयास नको काय? आणि क्षमा मागावयाची तर तिच्यामागून आचरणही बदलावयास हवे.

हा बदल कसा घडावा, याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. जरीपटक्याहून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनार ही दोन स्थळे आहेत. शेती, आतिथ्य आणि शिक्षण या तीन गोष्टी वेगळ्या नसून एकाच जीवनाची तीन अंगे आहेत, हे तेथे प्रत्यक्ष जगून दाखवले गेले.

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. जमनालाल बजाज यांच्या मालकीच्या जमिनीवर माती, बांबू आणि कवेलूंच्या साध्या कुटी उभ्या राहिल्या. आश्रमाभोवती शेती होती, गोशाळा होती. मानवी व प्राण्यांची विष्ठा, पालापाचोळा आणि काडीकचरा यांचे खत करून ते मातीला परत देणे हा तेथील नित्यक्रम होता. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात विकसित केलेल्या कंपोस्ट पद्धतीचा पुरस्कार गांधीजींनी १९३५ मध्येच ‘हरिजन’मधून केला होता. मातीतून घेतलेले मातीला परत करावे, हे तत्त्व आज जगभर पुनरुज्जीवक शेती या नावाने सांगितले जाते. वर्ध्याच्या काळ्या जमिनीत ते ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी रुजू लागले होते.

सेवाग्रामचे आतिथ्यही विशेष होते. तेथे देशातील थोर नेते येत, परदेशी पाहुणे येत, जवळच्या खेड्यांतील रुग्णही येत. सर्वांची पंगत एक, अन्न एक आणि कामातील वाटाही प्रत्येकाला. पाहुण्याने केवळ सेवा घ्यावी, असा तेथील रिवाज नव्हता. भाजी निवडणे, सूत कातणे, सफाई करणे यांत त्याने हात लावावा, अशी अपेक्षा असे. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रासलेले असताना १९३९ मध्ये तेथे आले, तेव्हा त्यांच्यासाठी जवळच कुटी उभारली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. ज्याला समाज दाराबाहेर ठेवीत होता, तो त्या आश्रमाचा अतिथी झाला. आतिथ्याची याहून कठीण परीक्षा कोणती?

तिसरे अंग शिक्षणाचे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने सेवाग्रामला ती शाळा चालवली. तेथे मूल कापूस वेचता वेचता गणित शिके, वाफा आखताना भूमिती शिके आणि स्वयंपाकघराचा हिशेब ठेवताना व्यवहार शिके. ही शाळा मध्यंतरी बंद पडली, हेही सांगितले पाहिजे. केवळ थोर नाव असल्याने संस्था टिकत नाही; पालकांचा विश्वास आणि समाजाचा आधार लागतो. २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने ती पुन्हा सुरू झाली आणि शेतीकाम, स्वयंपाक, सूतकताई यांना तिच्या दिनक्रमात पुन्हा स्थान मिळाले.

सेवाग्रामहून थोड्या अंतरावर धाम नदीच्या काठी पवनारचा आश्रम आहे. आचार्य विनोबा भावे १९३८ मध्ये तेथे आले, ते खालावलेली प्रकृती घेऊन. औषधापेक्षा कुदळीवर भरवसा ठेवून त्यांनी रोज थोडे थोडे खणावयास आरंभ केला आणि प्रकृती सुधारली. १९५० च्या सुमारास त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशावर अवलंबून न राहता स्वतःच्या श्रमाने अन्न पिकवावयाचे, विहिरीचा रहाट बैलांऐवजी माणसांनी फिरवावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. शेतीचे त्यांनी तीन प्रकार सांगितले : माणसाच्या हातांनी होणारी ती ऋषी-शेती, बैलांच्या साहाय्याने होणारी ती ऋषभ-शेती आणि यंत्राने होणारी ती इंजिन-शेती. आदिनाथांचे नाव ज्या शब्दात आहे, तो शब्द विनोबांच्या तोंडी शेतीच्या संदर्भात यावा, हा सुंदर योग आहे. २५ मार्च १९५९ रोजी तेथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. स्वाध्याय, सामूहिक निर्णय आणि शेतीचे श्रम यांवर त्या समूहाचे जीवन उभे राहिले.

विनोबांचे जैन समाजावर आणखी एक ऋण आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा, हा त्यांचा आग्रह होता. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले, १९७४ च्या अखेरीस दिल्लीतील संगीतीत सर्व परंपरांच्या साधूंनी त्याला मान्यता दिली आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग करून विनोबांनी पवनारला देह ठेवला, तेव्हा अनेकांना संथाऱ्याची आठवण झाली. ज्यांनी हातात कुदळ घेतली आणि ज्यांनी समणसुत्तंची प्रेरणा दिली, ते एकच पुरुष होते. शेती आणि अहिंसा यांत मूलतः विरोध आहे असे मानणाऱ्यांनी या जीवनाकडे पाहावे.

जैन समाजाच्या स्वतःच्या घरातही असे उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शेतीत, बांधकामात श्रम करून शिकत. एका प्रसंगी मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. वटवृक्ष हे त्या संस्थेचे बोधचिन्ह आहे. शेत, पंगत आणि पाठशाळा या तिन्हींना एकत्र बांधणारा हा विचार बाहेरून आणावयाचा नाही. तो या समाजाच्याच एका सुपुत्राने जगून दाखवला आहे.

आता वर्तमानाकडे वळणे योग्य होईल. चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. पृथ्वीकाय, अप्काय, वनस्पतिकाय अशी जीवांची गणना लहानपणी पाठशाळेत शिकलेल्यांना माती सजीव आहे हे वेगळे सांगावे लागू नये. ती उघडी पडली की उन्हाने तापते, पावसाने वाहून जाते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब घटला की पाणी धरून ठेवण्याची तिची शक्ती कमी होते. उपाय साधे आहेत. पिकाचे अवशेष न जाळता त्यांचे आच्छादन करणे, एकट्या कपाशीऐवजी तूर, मूग, ज्वारी यांची जोड देणे, बांधावर झाडे राखणे, शेतात पडलेले पाणी शेतातच जिरवणे, शेणखत व कंपोस्ट परत देणे. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनी जीवामृताचा प्रचार देशभर केला. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. यवतमाळचे सुभाष शर्मा रासायनिक शेतीचा अनुभव घेऊन नैसर्गिक शेतीकडे वळले, माती, पाणी, बियाणे आणि मजुरांचे श्रम यांची नव्याने मांडणी केली आणि असंख्य शेतकऱ्यांना ती शिकवली. २०२५ मध्ये त्यांनाही पद्मश्री जाहीर झाली. उत्पादनाच्या प्रश्नावर कृषिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजेत.

घाईने केलेला बदल किती महाग पडतो, हे श्रीलंकेत दिसले. २०२१ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भाताचे उत्पादन घसरले, शेतकरी हवालदिल झाले आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. जैन आचारशास्त्राला यात नवल वाटू नये. महाव्रते साधूंसाठी आहेत. गृहस्थासाठी अणुव्रते आहेत, शक्तीनुसार आणि पायरीपायरीने घ्यावयाची. पाच एकरांच्या शेतकऱ्याने आधी एक एकर बदलावा, हीच अणुव्रताची वाट आहे.

परंतु त्या एका एकरावरही पहिली दोन-तीन वर्षे कठीण जातात. माती सावरेपर्यंत उत्पन्न घटण्याची भीती असते. मालाला वेगळा भाव लगेच मिळत नाही. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. हा भार एकट्या शेतकऱ्याने का वाहावा? येथेच आतिथ्याचा विचार येतो.

श्रावकाचे बारावे व्रत अतिथिसंविभाग आहे. आपल्या घरी सिद्ध झालेल्या शुद्ध आहारातील वाटा प्रथम सुपात्र अतिथीला द्यावा, असे ते सांगते. साधुसाध्वींना आहार देताना प्रत्येक श्राविका हे व्रत भक्तीने पाळते. पण थोडे उलट बाजूने पाहिले तर काय दिसते? शहरात राहणारा प्रत्येक कुटुंबप्रमुख रोज दोन वेळा शेतकऱ्याच्या ताटावरचा अतिथी असतो. अतिथीचेही काही कर्तव्य असते. मुनींच्या भिक्षेला गोचरी म्हणतात. गाय वरवरचे गवत खाते, मूळ उपटत नाही; भुंगा फुलांतून थोडा थोडा रस घेतो, फुलाला पीडा देत नाही, असा दृष्टांत दशवैकालिक सूत्राच्या आरंभीच दिला आहे. घ्यावे, पण ज्याच्याकडून घेतले तो झिजू नये. माती, मजूर आणि शेतकरी यांच्याबाबत नागरिकाने हाच गोचरीचा नियम पाळावा, एवढेच या विवेचनाचे सार आहे.

शेतावर पाहुणे बोलावून शेतकऱ्याला आधार देण्याचा मार्ग महाराष्ट्राला नवा नाही. बारामतीजवळ पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा पाया घातला आणि २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. तथापि यात एक धोका आहे. हिवाळ्यात हुरडा खाऊन, बैलगाडीत छायाचित्र काढून परत यावयाचे, एवढ्यावर ही भेट संपली तर शेतकरी केवळ खानावळवाला होईल आणि शेत केवळ देखावा होईल. सेवाग्रामचा धडा असा की पाहुण्याने कामात हात लावला आणि काही शिकून गेला, तरच ते आतिथ्य दोघांनाही उन्नत करते.

यासाठी मोठा निधी अथवा नवी इमारत लागत नाही. तीन संकल्प पुरेसे आहेत. पहिला संकल्प धान्याचा. भोजनशाळेची तूरडाळ, ज्वारी, तांदूळ यांपैकी निदान एक जिन्नस जवळच्या काही शेतकऱ्यांकडून पेरणीपूर्वीच भाव ठरवून घ्यावा आणि पीक कमी आले तरी ठरलेला आधार द्यावा. व्यापारात पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या समाजाला असा व्यवहार बसवणे अवघड नाही. दुसरा संकल्प पाठशाळेचा. वर्षातून दोनदा, पेरणीला आणि काढणीला, मुलांनी त्याच शेतावर एक दिवस राहावे; गांडूळ, मुंग्या, पाखरे पाहावीत आणि जीवविचार पुस्तकाबाहेर वाचावा. तिसरा संकल्प क्षमापनेचा. दरवर्षी संवत्सरीनंतर त्या शेतकरी व मजूर कुटुंबांना सन्मानाने पंगतीला बोलवावे, आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे शब्द त्यांच्या समोर बसून उच्चारावेत.

जरीपटका हे नाव मराठ्यांच्या निशाणाचे आहे. पण या वस्तीची ओळख आश्रयाची आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या कुटुंबांनी येथे नव्याने संसार मांडले. मुळांसकट उपटले जाणे म्हणजे काय आणि परक्या मातीत पुन्हा रुजताना कोणीतरी पाठीशी उभे राहणे म्हणजे काय, हे या भागाला कोणी शिकवण्याची गरज नाही. आज विदर्भाचा शेतकरी आपल्याच मातीत उपटला जात आहे. त्याला आश्रय द्यावयाचा तो दयेपोटी नव्हे. ज्याच्या ताटात आपण जेवतो, त्याचे ताट भरलेले राहावे, हा अतिथीचा साधा धर्म आहे.

पुढील पन्नास वर्षांनी, शतक महोत्सवाच्या वेळी, संस्थेच्या वह्या पुन्हा उघडल्या जातील. तेव्हा प्रतिष्ठा, चातुर्मास आणि जीर्णोद्धार यांच्या नोंदींशेजारी आणखी एक नोंद असावी : अमुक गावच्या इतक्या एकर जमिनीवर विषाची फवारणी थांबली, इतक्या मुलांनी तेथे बी पेरले, आणि त्या शेताचे धान्य दरवर्षी पंगतीत वाढले गेले. ती नोंद लिहिण्याचे सामर्थ्य या सभागृहात बसलेल्या पिढीच्या हाती आहे.

जय जिनेंद्र.